मागच्या दाराची कडी

१

काकू आत मरत होत्या, तेव्हा वरच्या दिवाणखान्यात लोक टाळ्या वाजवत होते.

टाळ्या वाजवा असं त्यांना सांगितलं होतं मुंगीच्या आईनंच. तिचं कामच होतं ते. एका बड्या व्यापाऱ्याचं ते जुनं तिमजली घर आता संग्रहालय होतं, आणि तिथले लोकांसाठीचे कार्यक्रम तिच्याकडे होते. शाळांच्या सहली, आसपासच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची आठवणींची बैठक, आणि सगळ्यांत जास्त गर्दी खेचणारा ‘घर बोलतं’. त्या दिवशी शेजारपाजारची हौशी माणसं जुन्या धाटणीचे कपडे चढवून त्या घरातली माणसं व्हायची. पाहुणे या खोलीतून त्या खोलीत जायचे आणि प्रत्येक खोलीत जुन्या काळातलं काहीतरी त्यांच्या डोळ्यांसमोर घडायचं.

त्यातला लोकांचा सगळ्यांत आवडता प्रसंग जिन्याखालच्या कोठीचा. मालकीण चमचा चोरल्याचा आळ घेऊन मोलकरणीला दंडाला धरून आणते, कोठीत ढकलते, दाराची किल्ली फिरवते. मोलकरीण आतून दार बडवते, “उघडा हो बाईसाहेब, जीव गुदमरतोय!” पाहुण्यांच्या अंगावर काटा येतो. मग मुंगीची आई म्हणते, “त्या काळी याला शिस्त म्हणत. चला, वर जाऊ या.”

कोठीला मागच्या अंगाला आणखी एक दार होतं. ते स्वयंपाकघराच्या बोळात, बाहेरच्या बाजूला उघडायचं. पाहुण्यांची पावलं जिन्यावर वाजली की मोलकरीण ते दार ढकलून बोळात यायची आणि चहा प्यायची.

मालकीण व्हायच्या मुंगीच्या आईच्या सासूबाई. मोलकरीण व्हायच्या काकू, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या जाऊबाई. नवरा गेल्यापासून त्या यांच्याच घरात राहत होत्या आणि राबत होत्या. “घरात तेच, इथंही तेच,” काकू हसून म्हणायच्या, “फक्त इथं बघायला तिकीट आहे.”

त्या दिवशी दार बडवणं फार वेळ चाललं. वर दिवाणखान्यात पोचल्यावरही खालून धपधप ऐकू येत होती.

“काय जीव तोडून करते हो बाई!” एक पाहुणा म्हणाला.

“मग होऊन जाऊ द्या तिच्यासाठी टाळ्या,” मुंगीची आई म्हणाली.

टाळ्या थांबल्या तेव्हा धपधपही थांबली होती. आणि मग खालून सासूबाईंची किंकाळी आली.

बोळात काकू उंबऱ्यावर आडव्या पडल्या होत्या. अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. ओठ निळे, बोटांची नखं फुटलेली. सासूबाई एका हातानं भिंत आणि दुसऱ्या हातानं पाच वर्षांच्या मुंगीचा खांदा घट्ट धरून उभ्या होत्या.

“कडी! बाहेरून कडी लावली होती कुणीतरी! मी काढली, दार उघडलं, तर ही अशी अंगावरच आली!”

सगळ्यांनी कडीकडे पाहिलं. मनगटाएवढी जाड लोखंडी कडी, दाराच्या खालच्या अंगाला, लहान मुलाच्या छातीच्या उंचीवर. आता उघडी. खाली पितळी पाटी: ‘मूळ कडी. हात लावू नये.’

कुणी काही विचारायच्या आतच मुंगी म्हणाली, “मी लावली कडी.”

२

फौजदार आले ते सर्दीनं बेजार होऊनच आले. त्यांनी कडीकडे हात नेला आणि मागून संचालक ओरडले, “हात नको!”

संचालकांना माघारी सगळे ‘हातनको’च म्हणत. दिवसातून शंभरदा त्यांच्या तोंडून तोच शब्द निघायचा.

“अहो, माणूस मेलंय इथं,” फौजदार म्हणाले.

“माणूस गेलं ते गेलंच साहेब. ही कडी दुसरी मिळायची नाही. तंतोतंत हिच्यासारखी आम्ही करून घेतलीय, मुलांच्या खोलीत. जे बघायचं ते तिच्यावर बघा.”

बोळाच्या टोकाला ‘हात लावा’ नावाची खोली होती. जुन्या घरातलं काहीही हाताळायला मिळत नाही म्हणून पोरं कंटाळतात, त्यांच्यासाठी तिथं सगळं नकली ठेवलेलं. नकली कुलपं, नकली जातं, लाकडी चौकटीत बसवलेली नकली कडी. फौजदार उकिडवे बसले.

“दाखव बघू बाळा, कशी लावलीस?”

मुंगीनं दोन्ही हातांनी कडी उचलली आणि सरकवली. खट्ट.

“कुणी सांगितलं होतं लावायला?”

“कुणी नाही.”

सासूबाईंनी तोंड ओंजळीत लपवलं. “लेकरू आहे हो ते. त्याला काय कळतंय? तिला काही करू नका.”

काकूंना दमा होता. दम्याचा पंप एरवी खिशात असायचा. त्या दिवशी मात्र तो टोपलीत होता. कार्यक्रमाआधी घड्याळं, फोन, चष्मे, आजच्या काळातलं जे काही अंगावर असेल ते सगळ्यांनी त्या टोपलीत टाकायचं, असा संग्रहालयाचा नियम. बंद, कोंदट कोठी आणि वर घाबरलेला जीव. डॉक्टरांना त्यात काही नवल वाटलं नाही.

“गुन्हा कुणाचाच नाही,” फौजदार नाक पुसत म्हणाले. “एवढ्याशा पोरावर कायदा बोट ठेवत नाही. माझी नात एवढीच आहे, ताई. कागदावर मी ‘लहान मुलीच्या खेळातून अपघात’ असं लिहितो. तिला घरी न्या आणि यातलं काही तिच्या कानावर पडू देऊ नका.”

मुंगी त्यांच्या पायाशीच उभी होती. एकूण एक शब्द तिनं ऐकला होता.

सगळ्यांनी श्वास सोडला. हातनकोंनी सोडला, सासूबाईंनी सोडला, मुंगीच्या आईच्या धावत आलेल्या नवऱ्यानंसुद्धा सोडला. “सुटलो बाई,” तो म्हणाला.

“कोण सुटलं?” मुंगीच्या आईनं विचारलं.

एका पाच वर्षांच्या पोरीच्या पाठीवर जन्माचं ओझं बांधलं जात होतं आणि जो तो गाठ मारायला बोट पुढं करत होता. तेही किती हळुवारपणे! आईनं मुलीला कडेवर उचललं. मुंगी तिच्या कानाशी लागून म्हणाली, “काकूआजी उठली की मी सॉरी म्हणेन.”

३

सगळं आटोपल्यावर मुंगीची आई कामावर गेली. कार्यक्रम बंद होते, घर रिकामं होतं. ती थेट बोळात जाऊन उभी राहिली. तिला सवयच होती तशी. मूल झाल्यापासून ती कुठल्याही खोलीत शिरली की आधी कोपरे, धारा, खिळे, तापलेली भांडी पाहायची. काय कुठं आहे, आणि काय कुठं नसायला हवं.

जे तिथं नसायला हवं होतं, ती होती आचाऱ्याची खुर्ची.

ती जुनी, जड खुर्ची कायम समोरच्या भिंतीला असायची. कुणी बसू नये म्हणून दोन हातांवर दोरी बांधलेली. आता खुर्ची कोठीच्या दाराशेजारी, जेमतेम बाजूला सारलेली होती आणि दोरी खाली पडली होती. समोरच्या भिंतीशी धुळीत चार स्वच्छ ठिपके उमटले होते, जिथं तिचे पाय वर्षानुवर्षं होते तिथं.

सासूबाईंना घेरी आली असेल, म्हणून कुणी ओढली असेल, असं तिनं मनाशी म्हटलं. आणि तरी ती हातनकोंकडे गेली.

“साहेब, त्या दिवशी आईंना बोळातल्या खुर्चीवर तुम्हीच बसवलंत ना?”

“त्या खुर्चीवर?” हातनकोंच्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं. “काय बोलता! मी त्यांना माझ्या ऑफिसात नेलं. मी असताना त्या खुर्चीवर बसायची कुणाची छाती आहे?”

“आणि पंप? पंपाची सूट होती काकूंना. त्या दिवशी टोपलीत कसा गेला?”

हातनको टेबलावरची धूळ नसलेली जागा पुसायला लागले. “फोटो काढणारी मंडळी आली होती. पोशाखातून निळं प्लास्टिक दिसलं असतं. काकूंनी विचारलं, खिशात ठेवू का? मी म्हटलं, घटकाभर नसला तर काय होतंय?” मग त्यांनी आवाज खाली आणला. “फौजदारांना सांगणार आहात?”

“तुम्ही नाही सांगितलंत?”

“वेळच आली नाही. तुमच्या मुलीनं ते... म्हणजे, सगळं सरळच होतं की.” त्यांनी खाकरून विषय बदलला. “बिचाऱ्या काकू. पुढच्या खेपेला त्यांना मालकीण करायचं तुम्ही ठरवलंत, तर किती हरखल्या होत्या! सकाळी किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून आरशात बघत होत्या.”

“आईंना ते ठाऊक होतं? मी अजून सांगितलं नव्हतं त्यांना.”

“सांगायला कशाला हवं? त्या मागंच उभ्या होत्या. आरशात दोघी दिसत होत्या.”

दुसरा माणूस होता धाकटे मालक. या घराच्या व्यापाऱ्याचा पणतू. घर कधीच विश्वस्तांकडे गेलं होतं, पण नाव त्याला चिकटलं होतं. प्रत्येक कार्यक्रमाला यायचा आणि कोपऱ्यात दात खात उभा राहायचा. तो त्या दिवशीही होता. ती त्याच्या दुकानात जाऊन धडकली. तो घड्याळं दुरुस्त करायचा.

“या, बाईसाहेब,” तो भिंगातून डोळा न काढता म्हणाला. “माझ्या पणजीला हडळ करून पोट भरलं का तुमचं?”

“कार्यक्रम बंद व्हावा असं तुम्हाला वाटत होतं.”

“वाटत होतं. झाला. वाईट झालं, पण बरं झालं.” त्यानं भिंग खाली ठेवलं. “मी मारलं असं म्हणायला आलात? मी बोळातून गेलो, हे खरं आहे. ती बाई आत ओरडत होती, मी ऐकलं, हेही खरं आहे.”

“ऐकलंत आणि निघून गेलात?”

“तिचा तो ओरडा मी वर्षभर ऐकतोय. तुम्हीही ऐकलात की! तुम्ही तर टाळ्या घेतल्यात.” तिचा चेहरा पडलेला बघून त्याला जरा बरं वाटलं असावं. “तुमच्या सासूबाई नातीला मांडीवर घेऊन मोठ्यानं गाणं म्हणत होत्या. दोघी मजेत होत्या. सख्ख्या जावेला काही वाटलं नाही, ते मला का वाटावं?”

“त्या वेळी कडी लागलेली होती का?”

“कडीकडे कोण बघतं तिथं?” धाकटे मालक म्हणाले. “सगळे पाटी वाचतात.”

४

घरी मुंगी दारं लावू देईना.

न्हाणीघराचं नाही, कपाटाचं नाही, खेळण्यातल्या गाडीचंसुद्धा नाही. झोपताना उंबऱ्यात चप्पल अडकवून ठेवायची. शाळेच्या फाटकाशी तिच्या मैत्रिणीची आई भेटली. गोड हसून म्हणाली, “काही दिवस मुंगीला आमच्याकडे खेळायला नको हं पाठवू. आमच्याकडे बाळ आहे ना तान्हं.”

मुंगीनं वर पाहिलं. “मी बाळाला नाही मारणार, मावशी,” ती म्हणाली.

मावशी झपाझप निघून गेली.

त्या दुपारी आईनं तिला जवळ घेतलं. रागावून विचारलं की पोर मिटून जाते, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिच्या केसांतला गुंता काढता काढता, पाण्याचा पेला मागावा तसं विचारलं.

“मुंगे, कडी कुठं लावलीस गं तू?”

“हात लावा खोलीत.”

कंगवा थांबला. “आणि काकूआजीच्या दाराची?”

“तीच ना!” आईला एवढंही कळू नये याचं मुंगीला नवल वाटलं. “इकडे लावली की तिकडे लागते. दोघी सारख्या आहेत म्हणून. मग मी आजीकडे गेले.”

“कुणी सांगितलं तुला, इकडे लावली की तिकडे लागते?”

“आजीनं. काकूआजी पडली ना, तेव्हा आजी म्हणाली, तू कडी लावलीस ना मघाशी? मी म्हटलं हो. आजी म्हणाली, बघ मग.”

५

संग्रहालय बंद असलेल्या दिवशी फक्त झाडलोट चालायची. मुंगीची आई बोळात आली आणि कोठीच्या मागच्या दाराशी गुडघ्यांवर बसली.

पोरीनं फौजदारांना खोटं सांगितलं नव्हतं. त्यांनी तिला नकली कडीपाशी नेलं, तिनं नकली कडी लावून दाखवली. खऱ्या कडीपाशी ती गेलीच नव्हती. मग खरी कुणी लावली?

तिनं हात पुढं केला आणि तो आपसूक मागं आला. नोकरीला लागल्यापासून हजारो पोरांना तिनं इथं बजावलं होतं, हात लावू नका. स्वतः कधी बोटही लावलं नव्हतं. अंगात भिनलेलं असतं ते. तिनं डोळे मिटले आणि कडी धरली.

कडी हलली नाही.

तिनं दोन्ही हातांनी ओढली, रेटली, पाय भिंतीला लावून खेचली. तळहात सोलवटले. कडी दगडासारखी.

“हात नको! अहो, वेड लागलंय का तुम्हाला?” मागून हातनको धावत आले.

“साहेब, ही सरकत नाही.”

“सरकत नाही कशी? चालू स्थितीत आहे. माझ्या पाटीवर...”

“तुम्ही कधी सरकवून पाहिलीत?”

“मी?” हातनको ताठ झाले. “आल्यापासून आजवर मी तिला स्पर्श केलेला नाही!”

हे त्यांनी पदक छातीवर लावावं तसं सांगितलं. मग त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं असावं. ते हळूच वाकले. तिनं फोनचा उजेड पाडला. कडीच्या पोटात, दाराच्या फटीकडच्या बाजूला, एक स्क्रू पार आत पिळलेला होता. त्याच्यावर काळा रंग, आणि रंगावर कित्येक वर्षांची अखंड, कुठंही न तडकलेली पुटं. कधी काळी डागडुजी करणाऱ्या कुणीतरी, पाहुण्यांनी चाळा करू नये म्हणून, कडी उघडी ठेवून जखडून टाकली होती. नंतर आलेल्यांना कळायला मार्गच नव्हता, कारण नंतर आलेल्यांपैकी कुणी हातच लावला नव्हता.

“म्हणजे हिला लावणं शक्यच नाही,” हातनको पुटपुटले. “मुलीला नाही, मोठ्या माणसालाही नाही.”

“हो.”

“पण मग दार बंद कसं राहिलं?”

तिनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती खुर्चीकडे बघत होती. दार बाहेर उघडतं. खुर्ची दाराशी आलेली होती. दोरी सोडलेली होती. हातनकोंनी तिथं कुणाला बसवलं नव्हतं. धाकट्या मालकांनी एका बाईला नातीला मांडीवर घेतलेलं पाहिलं होतं. मांडीवर घ्यायचं म्हणजे आधी बसायला हवं, आणि अख्ख्या बोळात बसायला ही एकच जागा.

आणि ‘कडी लागली होती, मी काढली’ असं सांगणारं माणूसही एकच होतं.

६

सासूबाई काकूंचे कपडे घड्या घालून गाठोड्यात बांधत होत्या. देऊन टाकायला.

“आई, त्या दिवशी कडी कशी काढलीत हो तुम्ही?”

“कशी म्हणजे? उचलली, सरकवली.”

“आवाज झाला?”

“झाला की. खट्ट.”

“ती मुलांच्या खोलीतली वाजते. ही जखडलेली आहे, आई. कुणाच्या बापाच्यानं हलत नाही. मी आजच हात लावून पाहिला.”

सासूबाईंनी हातातली घडी पुरी केली, कडा जुळवल्या, वर हात फिरवला. “तुला हात लावायला कुणी सांगितलं होतं?” त्या म्हणाल्या. आवाजात भीती नव्हती. मोडलेल्या कपाबद्दल सुनेला विचारावं तसा तो आवाज होता.

“तुम्ही दाराला खुर्ची लावून बसलात.”

“बसले. बसायलाही बंदी आहे का आता?”

“काकू आतून ढकलत होत्या.”

“ढकलत होती. पाठीला लागत होतं मला.” त्यांनी दुसरा कपडा उचलला. “जन्मभर माझ्या घरात माझ्या मागं उभी राहिली ती. त्या दिवशी आरशात माझ्या पुढं उभी होती. माझ्या किल्ल्या कमरेला! आणि तू ठरवलंस ते, मला न विचारता. म्हटलं, बस जरा आत. मोलकरीण म्हणजे काय ते कळू दे तिला एकदा.”

“रोज कळत होतं त्यांना.”

“जास्त बोलू नकोस. मी काही केलेलं नाही. मी फक्त बसले.”

“पंप नव्हता त्यांच्याकडे.”

“मला काय ठाऊक?”

“टोपलीत तुमचा चष्माही होता, आई. सगळ्यात शेवटी तुम्ही टाकलात, मी समोर होते. नंतर पाहिलं, तर पंप त्या चष्म्याखालीच होता.”

सासूबाईंनी घातलेली घडी पुन्हा उलगडली.

“बडवणं थांबलं तेव्हा मला वाटलं, रुसली,” त्या म्हणाल्या.

“आणि मुंगी? तुमची नात आहे ती! तिच्या गळ्यात बांधलंत?”

“तिला काय होणार होतं? तिला कुणी तुरुंगात घालणार होतं का? लहान आहे, विसरेल. माझं काय झालं असतं या वयात, सांग ना? घरातलं घरात राहिलं.”

दारात नवरा उभा होता. केव्हापासून, कोण जाणे.

“ऐकलंस?” तिनं विचारलं.

“ऐकलं.” तो आत आला आणि आईच्या शेजारी बसला. “अगं, आईचं वय बघ. काकू काही परत येणार नाही. मुंगीला आपण समजावू. दुसऱ्या शाळेत घालू, दुसरीकडे राहायला जाऊ...”

“आणि कागदावर?”

“कागद कोण बघतंय?”

“ती बघेल,” मुंगीची आई म्हणाली. “वाचता यायला लागलं की.”

तिनं फौजदारांना फोन लावला. नवऱ्यानं तिचा हात धरला नाही. सासूबाई गाठोड्याची गाठ आवळत राहिल्या.

७

बोळात सगळे जमले. फौजदारांनी स्वतः कडी खेचून पाहिली, उजेड धरून स्क्रू पाहिला. सासूबाई आपल्या मुलाच्या आधारानं ऐटीत उभ्या होत्या. काल सुनेला सांगितलेलं त्या आज कुणालाच सांगत नव्हत्या, आणि तो म्हणत होता, मला काही आठवत नाही.

फौजदारांनी मुंगीच्या आईला बाजूला घेतलं.

“तुमचं म्हणणं मला पटलंय, ताई. पण पटून भागत नाही. कडी हलत नाही, एवढ्यानं ठरतं काय? बाई म्हणतील, मी गडबडले, दार नुसतं अडकलं असेल. धाकटे मालक म्हणतात, मांडीवर पोरगी पाहिली, पण खुर्ची दाराला होती की भिंतीला, ते सांगता येत नाही. त्यांना यात पडायचं नाही. म्हाताऱ्या दाराला लागून बसल्या होत्या हे सांगणारं कुणी नसेल, तर लिहिलंय ते तसंच राहील. मुलीचं नाव निघायचं नाही.”

तिनं मुंगीला हाताला धरून कोठीच्या दाराशी आणलं.

“मुंगे, ही खरी कडी. लावून दाखव.”

“हात लावू नये ना?”

“आज लाव. मी सांगते ना.”

मुंगीनं आधी एक बोट लावलं. मग दोन्ही हात. ओठ दाबून, डोळे मिटून, सगळा जीव लावून तिनं ओढलं. मग तर पाय उचलून लोंबकळलीच तिला. कडी जागची हलली नाही.

“हलतच नाही!”

“कुणाच्यानंच हलत नाही. तुझ्याच्यानं नाही, माझ्याच्यानं नाही, साहेबांच्यानं नाही.”

“मग मी नाही लावली?”

“नाही. तू नाही लावलीस.”

मुंगी हसली. किती दिवसांनी हसली. आईच्या पायांना मिठी मारून, तोंड वर करून खदखदून हसली. आईच्या डोळ्यांना धारा लागल्या. हा एक क्षण पदरात पडला, आता दुसरं काही नको, असं तिला वाटलं.

मग मुंगीचं हसू हळूहळू थांबलं. तिला कोडं सोडवायला आवडायचं. तिनं दाराकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं.

“आई, मग काकूआजी बाहेर का नाही आली?”

तिनं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

“ती ढकलत होती ना दार. आमची खुर्ची हलायची. आजी म्हणाली, घोडा आहे, घोडा पळतोय. मग मी म्हटलं...” ती अडखळली. “मी म्हटलं, अजून जोरात.”

“गप्प बस गं!” सासूबाई ओरडल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच फाटला. “काहीही बरळते कार्टी! कधी बसलो होतो आपण?”

मुंगी दचकून आईला चिकटली. फौजदारांनी वही काढली होती. पेन कागदाला टेकवून ते मुंगीच्या आईकडे बघत होते. विचारू का, असं ते बघणं होतं.

“आई,” मुंगीनं अगदी हळू विचारलं, “मी पण बसले होते ना त्या खुर्चीवर?”

नाही म्हटलं असतं तर पोर तिथंच, त्या क्षणी सुटली असती. आणि कागदावर कायमची अडकली असती.

मुंगीची आई खाली बसली, लेकीचे दोन्ही हात हातात घेतले.

“हो,” ती म्हणाली. “आता साहेबांना सांग, घोडा कसा पळत होता.”